मिठासाठी दिलेली भूमी

वाचनभाग : यहेज्केल 47:1-12



मंदिराच्या उंबरठ्याखालून निघालेल्या नदीचा हा दृष्टांत आपल्या परिचयाचा आहे. तिच्या योगे मृत समुद्राचे पाणी निरोगी होते आणि एन-गेदीपाशी कोळी जाळी पसरतात. अकरावे वचन मात्र आपण बहुधा घाईने ओलांडतो. दलदली व पाणथळ जागा गोड होणार नाहीत, त्या खाऱ्याच राहतील, असा त्याचा आशय आहे. भाषांतर करताना मीही पुष्कळ वर्षे येथे शापच वाचला. पुढे मूळ हिब्रू क्रियापदाकडे लक्ष गेले. ते ‘टाकून देणे’ असे नसून केवळ ‘देणे’ असे आहे. त्या जागा मिठासाठी दिलेल्या आहेत. आणि मिठावाचून तर अन्नार्पण वेदीवर येऊच शकत नव्हते (लेवीय 2:13).

मनुष्याला दलदल म्हणजे वाया गेलेली जागा वाटते. मुंबईकर ‘रेक्लमेशन’ हा शब्द सहज उच्चारतात. त्याचा अर्थ ‘परत मिळवणे’. जे कधी आपले नव्हतेच, ते परत कसे मिळवावे? समुद्र त्याचा आहे, असे स्तोत्रकर्ता 95 व्या स्तोत्रात सांगतो.

दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर सेमानगुम येथे दोन नद्या समुद्राला मिळत. भरतीओहोटीने दिवसातून दोनदा धुतला जाणारा तो विस्तीर्ण चिखल शिंपल्यांनी भरलेला होता. कोळिणी ते हाताने वेचून संसार चालवीत. सायबेरिया व ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये ये-जा करणारे ‘ग्रेट नॉट’ पक्षी तेथे उतरून पोट भरत व पुढे जात. 1991 मध्ये तेथे बांध घालण्यास आरंभ झाला. लांबी 33 किलोमीटर, क्षेत्र सुमारे 400 चौरस किलोमीटर. प्रथम भातशेती हा हेतू होता. देशाला धान्य हवे होते, म्हणून त्या हेतूला मी हसणार नाही. पण पुढे भाताची गरज ओसरली आणि योजना उद्योगांकडे वळली. बांध मात्र थांबला नाही. एप्रिल 2006 मध्ये अखेरची फट बुजली. भरती येईनाशी झाली, चिखल सुकला, शिंपले मेले. पुढील दोन वर्षांच्या गणनेत तो पक्षी हजारोंनी घटला, आणि शेजारच्या किनाऱ्यांवरही ती घट भरून निघाली नाही. ‘ते दुसरीकडे जातील’ असे म्हणणारांनी ती दुसरी जागा दाखवली नव्हती.

ऑगस्ट 2023 मध्ये त्याच भूमीवर जागतिक स्काउट मेळावा भरला. सावलीला झाड नाही, पाण्याला निचरा नाही. उष्म्याने शेकडो मुले आजारी पडली, आणि शेवटी वादळाच्या भीतीने मेळावा मुदतीपूर्वी हलवावा लागला.

या बांधाविरुद्ध 2003 मध्ये चार धर्मसेवक निघाले होते : कॅथॉलिक धर्मगुरू मुन ग्यू-ह्यन, बौद्ध भिक्षू सुग्यंग, एक प्रॉटेस्टंट पाळक व वॉन बौद्ध पंथाचा एक सेवक. तीन पावले चालावयाचे आणि रस्त्यावर एक दंडवत घालावयाचे, असे करीत सुमारे 300 किलोमीटर दूर असलेल्या राजधानीला ते 65 दिवसांनी पोहोचले. दंडवत हा शब्द आपल्यापैकी काहींना परका वाटेल. तथापि जुन्या करारात उपासनेसाठी वारंवार येणाऱ्या क्रियापदाचा अर्थ जमिनीपर्यंत लवणे हाच आहे. बांध पूर्ण झाला, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. कोळिणींच्या चिखलासाठी ते डांबरी रस्त्यावर कपाळ टेकवीत होते.