हौसेचे मोल

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणण्याचे दोन अर्थ निघतात. हौसेपुढे माणूस पैशाकडे पाहत नाही, हा एक. हौसेचा भाव बाजाराने ठरवू नये, हा दुसरा. नांदेड-लातूरकडच्या आम्हा माणसांची शेरोशायरीची हौस आज या दुसऱ्या अर्थापाशी येऊन अडली आहे.

ही हौस इथे जुनी. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि कारभार उर्दूत चाले. घरात दखनी, बाजारात मराठी आणि कानावर उर्दू गझल, अशी आमची जडणघडण झाली. नशिस्त म्हणजे घरच्या ओसरीवरची दहा-पंधरा माणसांची बैठक. तरही मुशायरा असला की एक मिसरा आधी दिला जाई. त्याच वजनात, त्याच रदीफ-काफियात प्रत्येकाने आपली गझल बांधून आणायची. पोरे बैतबाजी खेळत. समोरच्याचा शेर ज्या अक्षरावर संपेल, त्या अक्षराने आपला शेर सुरू करायचा. त्यासाठी शेकडो शेर तोंडपाठ लागत.

आता मंडप मोठे झाले, मानधन आले, हजारो मोबाइल वर उचलले जाऊ लागले. ज्या शेरावर क्षणभर थांबावे लागते तो पडतो. घोषणेसारखी ओळ टाळ्या घेऊन जाते. गालिब १८६९ साली वारला, पण त्याने कधी न लिहिलेल्या ओळी रोज त्याच्या नावाने फिरतात. जाणकार हळहळतात : गर्दी आली आणि शायरी गेली.

पण ही तक्रार पुरती खरी मानावी काय? गझल आपल्यापर्यंत आली तीच मुळी लोकांत मिसळत. वली औरंगाबादी १७०० च्या सुमारास दिल्लीला गेला, तेव्हा तिथले शायर फारसीत लिहिण्यातच प्रतिष्ठा मानत. लोकांच्या बोलण्यातल्या भाषेतही अशी गझल होते, हे वलीने दाखवले. फारसीच्या अभिमान्यांना तोही बिघाडच वाटला असेल. पुढे माधव जूलियनांनी गझल मराठीत रुजवली. सुरेश भटांनी ती गावोगाव पोचवली आणि नवख्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ही लिहून ठेवली.

जुन्या नशिस्तीचे गोडवे गाताना आणखी एक आठवावे. तिथे बायकांना बहुधा जागा नसे; ऐकलेच तर पडद्याआडून. मराठी शाळेत शिकलेल्या, उर्दू लिपी न येणाऱ्या आपल्या मुलांनाही दिवान बंदच होते. २०१३ साली सुरू झालेल्या ‘रेख्ता’ या संकेतस्थळावर तेच शेर देवनागरीत वाचता येतात. अवघड शब्दावर बोट ठेवले की अर्थ समोर येतो. उदगीरची किंवा कंधारची एखादी मुलगी स्वयंपाकघरात बसून मीर वाचू शकते. याला बिघाड म्हणण्याची आमची तयारी नाही.

मग बिघडले काय? आमच्या मते, श्रोता. मुशायऱ्यात ऐकणाऱ्यालाही काम असते. पहिला मिसरा कानी पडताच दुसऱ्यातला काफिया ताडायचा, आवडले तर ‘मुकर्रर’ म्हणून पुन्हा मागायचे आणि ओळ कच्ची असेल तर गप्प राहायचे. त्या गप्प राहण्यातून शायर शिकत असे. दाद स्वस्त झाली की कष्टाचे कारणच उरत नाही. ही हौस माणसे वाढल्याने नासली नाही. माणसे आली, पण त्यांना त्यांचे काम कोणी सांगितले नाही, म्हणून नासली.

हे सांगायचे कोणी? जे जाणतात त्यांनीच. नवख्याला वजन शिकवायचे नाही आणि त्याच्या बेवजन ओळीला मात्र हसायचे, हा रसिकपणा नव्हे, ही मक्तेदारी आहे. उस्तादाने शागिर्दाच्या गझलेवर इस्लाह करायची, ही आपली जुनी रीत. ती मोडली ती काही गर्दीने मोडली नाही. मोहल्ल्याच्या वाचनालयात महिन्याला एक मिसरा फळ्यावर लिहावा, उर्दूत आणि देवनागरीत. मुलामुलींनी त्यावर शेर बांधून आणावेत, आणि कोणीतरी वडीलधाऱ्याने हातात पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसावे. एवढे झाले तर मंडपातल्या गर्दीची फार चिंता करावी लागणार नाही. त्या गर्दीत कुठे गप्प राहावे हे कळणारी दहा पोरे तरी बसलेली असतील.