उजव्या कुशीतून डाव्या कुशीकडे

सकाळ आहे. घाई असेल तर हे नंतर वाचा. नसेल तर टेकून बसा आणि तळहात पोटावर ठेवा, बेंबीच्या खाली, उजव्या कुशीकडे. कित्येक वर्षं या पोटावर तुम्ही चिडलात, कुंथलात, रात्री चूर्ण घेऊन झोपलात. आज नुसता हात ठेवा. श्वास सोडताना पोट सैल होऊ द्या.

या हाताखाली मोठं आतडं सुरू होतं. लहान आतड्यात पचलं नाही ते इथे येतं: भाकरीतला कोंडा, मटकीचं साल, पेरूच्या गरातले तंतू. आपण ज्याला चोथा म्हणतो, ते इथल्या जिवाणूंचं जेवण. शरीरात पेशी जितक्या, साधारण तितकेच जिवाणू, आणि त्यांतले बहुतेक या जेमतेम दीड मीटरच्या नळीत. आंबोळीचं पीठ उबेला आंबतं, तसा यातला बराचसा चोथा ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार होतो आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. काल या जिवाणूंच्या वाट्याला काय आलं, आठवा. बिस्किटं, पांढरा भात, मैद्याचा पाव? दोष देऊ नका. फक्त आठवा.

हात वर सरकवा, बरगड्यांखालून डावीकडे. या वाटेला किती वेळ लागतो? युगांडात अनेक वर्षं काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी 1972 साली सहकाऱ्यांसह याची मोजमापं प्रसिद्ध केली. ब्रिटिश नौदलातल्या कुटुंबांत अन्नाचा प्रवास सरासरी 80 तासांहून जास्त, युगांडाच्या खेड्यांत सुमारे 36. रोजचा मळ एकीकडे 100 ग्रॅमच्या आसपास, दुसरीकडे 470. बर्किट यांच्या मते हा फरक चोथ्याचा. पण सगळं ताटावरच ठरत नाही. काहींच्या पोटात मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव जास्त असतात, आणि मिथेनने आतड्याची चाल मंदावते. 'कोठा आळशी आहे' हे आपण फार सहज म्हणतो. मला ते अन्यायाचं वाटतं.

आता हात डावीकडून खाली. वाटभर पाणी शोषलं जातं. मळ जितका रेंगाळेल तितका खडा होतो. इसबगोलाची भुसी फारशी न आंबता इथवर पोचते आणि पाणी धरून ठेवते. म्हणून ती भरपूर पाण्याबरोबरच घ्यायची. दह्यातले जिवाणू मात्र बहुतेक पाहुणे. चार दिवस राहून जातात. वस्तीला असलेल्यांना रोजचं अन्न लागतं.

म्हणून चोथा वाढवा, पण सावकाश. एकदम वाढवलंत तर पोटात गुबारा धरतो. या आठवड्यात वाटीभर उसळ, पुढच्या आठवड्यात पीठ न चाळता पोळी. दिवसाला 30 ग्रॅम तंतूंपर्यंत पोचायला महिना लागला तरी लागू द्या. काहींचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वेळेवर सैल पडत नाहीत. त्यांना चोथ्याने पुरेसं बरं वाटत नाही, स्नायूंना वळण लावणारे व्यायाम लागतात. रक्त दिसलं, वजन उतरू लागलं, पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

हात काढा. कोमट पाणी प्या, काहीतरी खा. जठर भरलं की मोठं आतडं आपणहून हलतं, आणि सकाळी जास्त. कमोडवर बसत असाल तर पायांखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या. कुंथू नका. दहा मिनिटांत नाही झालं तर उठा, हात धुवा आणि उद्याच्या उसळीसाठी मूठभर मटकी भिजत घाला.