स्तुति आणि मोजदाद

उपकारकर्त्याचे आभार मानण्याच्या अनेक रीती जगांत रूढ आहेत. त्यांपैकीं स्तुति ही सर्वांत सोपी, आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय होय. तिला खर्च लागत नाहीं; स्तुति करणाऱ्यास आपण मोठे उदार आहोंत असें वाटूं लागतें; आणि ज्याची स्तुति करावयाची त्याच्या घरीं काय चाललें आहे याची चौकशी करण्याची गरजहि राहत नाहीं. २०२० सालच्या मार्चच्या २२ तारखेस सायंकाळीं पांच वाजतां आपल्या देशांतील लोकांनीं दारांत व सज्जांत उभें राहून टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. चारच दिवसांनीं इंग्लंडांतहि तसाच गजर सुरू झाला, आणि पुढें तो दर गुरुवारीं होत राहिला. कोविडच्या सांथींत रुग्णालयांत राबणाऱ्यांविषयींची ती कृतज्ञता खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. भीतीनें ग्रासलेल्या माणसांना आपलें ऋण कसें तरी व्यक्त करावेंसें वाटलें, हें मनुष्यस्वभावास धरूनच झालें. परंतु गजर विरल्यावर एक प्रश्न शिल्लक उरतो, आणि तो नीतीचा आहे. ज्यांच्या सेवेवर आपण तरलों त्यांच्या वांट्यास किती धोका आला, हें मोजून पाहणें आपलें कर्तव्य आहे कीं नाहीं? आणि मोजल्यानें आपण ऋणमुक्त होतों, कीं खरें ऋण तेथूनच सुरू होतें?

या मोजदादीचें स्वरूप प्रथम समजून घेतलें पाहिजे. सेवकाच्या नाकांतील व घशांतील स्राव तपासला म्हणजे आज त्याच्या शरीरांत विषाणु आहे कीं नाहीं हें कळतें. त्याचें रक्त तपासलें म्हणजे मागें काय घडून गेलें याची साक्ष मिळते. कारण विषाणूशीं झुंजतांना शरीर जीं प्रतिपिंडें निर्माण करतें, तीं रोग ओसरल्यावरहि पुष्कळदां कित्येक महिने रक्तांत सांपडतात. पहिली तपासणी वर्तमान सांगते, दुसरी इतिहास सांगते. ज्यांना रोगाचें एकहि लक्षण जाणवलेलें नसतें, त्यांचा हा इतिहास तर त्यांचा त्यांनाहि ठाऊक नसतो.

इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथें एका मोठ्या रुग्णालयसंस्थेंत २०२० च्या एप्रिलच्या २४ व २५ तारखांस अशी तपासणी झाली. कोणतेंहि लक्षण नसलेले आणि नेहमींप्रमाणें कामावर आलेले ५४५ सेवक तींत सामील झाले. त्यांपैकीं २४.४ टक्क्यांच्या रक्तांत प्रतिपिंडें आढळलीं. म्हणजे जवळजवळ चौघांतील एकास रोग शिवून गेला होता. परंतु खरें मर्म या एका आंकड्यांत नाहीं. वाचकांनीं क्षणभर थांबून स्वतःशींच अनुमान करून पाहावें, कीं रुग्णालयाच्या कोणत्या भागांत हें प्रमाण सर्वांत अधिक असेल? बहुतेक जण म्हणतील, अतिदक्षता विभागांत. कारण अत्यवस्थ रोगी तेथें, श्वासनलिकेंत नळी घालण्याचें धोक्याचें काम तेथें, आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रें आलीं तींहि तेथलींच. प्रत्यक्षांत अतिदक्षता विभागांतील सेवकांत हें प्रमाण १४.८ टक्के निघालें. नव्यानें दाखल होणारे तांतडीचे रोगी पाहणाऱ्यांत तें ३३.३ टक्के होतें. आणि सर्वांत अधिक, म्हणजे ३४.५ टक्के, तें फरशा पुसणाऱ्या व केर काढणाऱ्या सफाई कामगारांत होतें.

कोणी म्हणेल कीं या गटांतील माणसें थोडीं होतीं, तेव्हां अशा आंकड्यांवर फार भार देऊं नये. हा आक्षेप रास्त आहे. परंतु ऑक्सफर्डच्या रुग्णालयांत दहा हजारांहून अधिक सेवकांची तपासणी झाली, तेथेंहि रोगाच्या खुणा सर्वांत अधिक आढळल्या त्या रोग्यांच्या गाड्या ढकलणाऱ्यांत आणि सफाई करणाऱ्यांतच, आणि अतिदक्षता विभाग तेथेंहि तुलनेनें सुरक्षित निघाला. याचें कारण गूढ नाहीं. अतिदक्षता विभागांत धोका आहे हें सर्वांना दिसत होतें, म्हणून उत्तम प्रतीचे मुखवटे व झगे तेथें प्रथम पोंचले. ज्यांचा धोका कोणाच्या दृष्टीस पडत नव्हता, त्यांच्या वांट्यास साधा मुखवटा आला.

येथेंच स्तुति आणि मोजदाद यांतील भेद उघड होतो. स्तुति आपल्या कल्पनेच्या मागें जाते, आणि आपली कल्पना हुद्द्याच्या मागें जाते. वीर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें डॉक्टर उभा राहतो, फार तर परिचारिका. बादली व फडकें घेतलेली बाई उभी राहत नाहीं. मोजणारा मात्र सर्वांच्याच दंडांतून सारखेंच रक्त काढतो, आणि रक्ताच्या नळीवर हुद्द्याची प्रतिष्ठा लिहिलेली नसते. म्हणून आमचें मत असें, कीं मोजदाद ही केवळ वैद्यकाची सोय नव्हे. ती न्यायाची पहिली पायरी आहे. जें दुःख मोजलें गेलें नाहीं, त्याचा वांटा मागावयास कोणाच्याहि दारीं जातां येत नाहीं.

या ठिकाणीं त्याग या शब्दाविषयीं थोडें बोललें पाहिजे. १८९७ सालीं पुण्याच्या बाजूस प्लेगनें थैमान मांडलें असतां रोग्यांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगानें मृत्यु आला. त्यांनीं तो धोका जाणून आणि स्वेच्छेनें पत्करला होता. त्यास त्याग म्हणावें, आणि त्यापुढें मस्तक नमवावें, हेंच योग्य. परंतु जी बाई महिन्याच्या पगारासाठीं रुग्णालयांत फरशी पुसते, जिला आपल्यापुढील धोका किती आहे हें कोणी सांगितलें नाहीं, आणि जी उद्यां घरीं बसली तर तिची चूल पेटावयाची नाहीं, तिच्या आजारासहि आपण त्यागच म्हणूं लागलों, तर तो गौरव नसून पळवाट होय. त्याग हा शब्द उच्चारतांच मालकाचें कर्तव्य झांकलें जातें. एकानें स्वखुषीनें दिलेलें दान आणि दुसऱ्याकडून नकळत घेतलेला कर, हे दोन्ही एकाच वहींत एकाच नांवाखालीं मांडणें प्रामाणिकपणाचें नाहीं.

मोजदादीवरहि नैतिक आक्षेप घेतां येतात, आणि ते वजनदार आहेत. मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरूं नये, तो स्वतःच साध्य आहे, असें कांटनें शिकविलें. मग सेवकाचें शरीर हें सांथीचा चढउतार दाखविणारें यंत्र बनविणें कितपत योग्य? इंग्लंडांत जून २०२० पासून ‘सायरन’ या नांवानें जें अन्वेषण चाललें, त्यांत रुग्णालयांतील सेवक दर पंधरवड्यास नाकांतील स्राव आणि ठराविक काळानें रक्त देत राहिले. त्यांतील पंचवीस हजारांहून अधिक सेवकांवरून २०२१ सालीं असें प्रसिद्ध झालें, कीं ज्यांना एकदां रोग होऊन गेला होता त्यांना पुन्हां होण्याची शक्यता इतरांहून सुमारें ८४ टक्क्यांनीं कमी होती, आणि हें संरक्षण निदान सात महिने टिकलेलें दिसत होतें. एकदां झालेला रोग पुन्हां होतो काय, हा प्रश्न त्या वेळीं सगळें जग विचारीत होतें. त्याचें उत्तर या माणसांच्या दंडांतून निघालें, आणि तें घरांत सुरक्षित बसलेल्या आपणां सर्वांस फुकट मिळालें.

हें साधन म्हणून वापरणें झालें काय? आमच्या मतें उत्तर तीन अटींवर अवलंबून आहे. संमति खरोखर मोकळी हवी. वरिष्ठाच्या नजरेच्या धाकानें पुढें केलेला दंड हा संमतीचा पुरावा नव्हे. तपासणीचें फळ प्रथम त्या सेवकास कळलें पाहिजे, आणि त्याच्याविरुद्ध वापरलें जातां कामा नये. रोग सांपडला म्हणून पगार कापला गेला, तर दुसऱ्या दिवशीं कोणीहि खरें सांगणार नाहीं. आणि तिसरी अट सर्वांत महत्त्वाची: त्या ज्ञानाचा पहिला लाभ ज्यांनीं रक्त दिलें त्यांना व्हावा. या तिन्ही अटी पाळल्या, तर सेवक यंत्र राहत नाहीं. तो ज्ञानाच्या कार्यांतील भागीदार होतो. त्यांतील एक जरी मोडली, तरी कांटचा आक्षेप उभाच राहतो.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. कोणाच्या रक्तांत प्रतिपिंडें आहेत हें कळलें, कीं त्याला पुढें ढकलण्याचा मोह होतो. ही कल्पना फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व ४३० मध्यें अथेन्समध्यें महामारी सुरू झाली. थ्युसिडिडीज हा इतिहासकार स्वतः त्या रोगांतून वांचला होता, आणि त्यानें असें नमूद केलें आहे, कीं जे बरे झाले त्यांनाच रोग्यांची करुणा सर्वांत अधिक आली. कारण त्यांना दुःख ठाऊक होतें, आणि त्याच रोगानें पुन्हां प्राण जाण्याचें भय उरलें नव्हतें. तेथें करुणा आंतून उपजली होती. परंतु एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरांत हीच गोष्ट बाजारांत आली. पीतज्वरांतून जो वांचला त्यालाच नोकरी व पत मिळे. म्हणून नवे आलेले लोक आपणांस तो रोग एकदांचा होऊन जावा अशी इच्छा करीत, आणि रोगांतून वांचलेल्या गुलामांना विक्रींत चढा भाव येई. आरोग्याची साक्ष हीच जेथें पोटाची अट होते, तेथें गरिबास रोग विकत घ्यावा लागतो. २०२० च्या एप्रिलमध्यें कांहीं देशांत प्रतिपिंडांचीं प्रमाणपत्रें देण्याचा विचार निघाला, तेव्हां जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास आधार नसल्याचा इशारा दिला तो उचितच होता. पुढें ‘सायरन’मधूनच असें दिसलें, कीं फायझरच्या लसीच्या दोन मात्रा दीर्घ अंतरानें घेतलेल्या सेवकांत आरंभीं ८५ टक्के असलेलें संरक्षण सहा महिने उलटून गेल्यावर ५१ टक्क्यांवर आलें. तात्पर्य, प्रतिपिंड हें कवच खरें, पण झिजणारें. तें अंगावर आहे म्हणून कोणास कायमचें ढालीसारखें पुढें धरण्याचा अधिकार कोणासहि मिळत नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. ज्या मार्चमध्यें थाळ्या वाजल्या, त्याच मार्चमध्यें आपल्या देशांतील कांहीं शहरांत घरमालकांनीं डॉक्टरांस व परिचारिकांस घरें सोडावयास लावलें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, त्यापायीं १८९७ सालीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला होता. रुग्णालयसेवकांवर हल्ला करणाऱ्यांस जबर शिक्षा देण्यासाठीं त्या कायद्यांत एप्रिल २०२० मध्यें वटहुकुमानें दुरुस्ती करावी लागली. एकाच समाजाच्या हातून टाळी आणि तडाखा दोन्ही निघावेत, हें स्तुतीच्या उथळपणाचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस सुचत नाहीं. येथेंहि मोजदादीनें जें सांगितलें तें ऐकण्याजोगें आहे. लंडनमधील एका रुग्णालयांत लक्षणें नसलेल्या चारशें सेवकांचा मागोवा घेतला गेला; पहिल्या आठवड्यांत ७.१ टक्क्यांत विषाणु सांपडला, आणि शहर बंद ठेवल्यावर पांचव्या आठवड्यांत तें प्रमाण १.१ टक्क्यांवर उतरलें. शहरांतील सांथीबरोबर सेवकांतील रोगहि ओसरला, त्यावरून संशोधकांनीं असें अनुमान काढलें, कीं त्यांना झालेल्या संसर्गाचें मूळ रुग्णालयापेक्षां शहरांतच अधिक असावें. म्हणजे जिला आपण दाराबाहेर काढलें, तिनें तो रोग कदाचित् आपल्याच गल्लींतून नेला असेल!

भारतांत २०२० च्या डिसेंबरांत व २०२१ च्या जानेवारींत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें देशभर जी रक्ततपासणी केली, तींत आरोग्यसेवकांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शाच्या रक्तांत प्रतिपिंडें सांपडलीं, आणि रोग्यांजवळ राबणारे डॉक्टर व परिचारिका यांच्यांत आणि कचेरींत बसणाऱ्यांत फारसें अंतर निघालें नाहीं. त्याच सुमारास, १६ जानेवारी २०२१ रोजीं, लसीकरणास आरंभ झाला, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत पहिली लस मिळाली ती एका सफाई कामगारास. आम्ही त्या एका प्रसंगास फुगवून सांगूं इच्छित नाहीं. तथापि ज्या क्रमानें धोका वांटला जातो, त्याच क्रमानें संरक्षणहि वांटलें जावें, हें तत्त्व त्या दिवशीं निदान एकदां सर्वांच्या डोळ्यांसमोर आलें.

आमचें म्हणणें एवढेंच, कीं मोजणें हें कर्तव्य आहे, पण तें कर्तव्याचा शेवट नव्हे. जोंवर आपणांस ठाऊक नव्हतें, तोंवर आपण अज्ञानाची सबब सांगूं शकत होतों. ३४.५ हा आंकडा एकदां कागदावर उतरल्यावर ती सबब उरत नाहीं. पुढची सांथ केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं. पण ती आली म्हणजे प्रथम मुखवट्यांचें पहिलें खोकें कोणत्या दारापाशीं उघडावयाचें, हें आपण आजच ठरवूं शकतों. तें दार बहुधा शस्त्रक्रियागृहाचें नसेल. जिन्याखालीं जेथें झाडू आणि बादल्या ठेवतात, त्या खोलीचें असेल.