शाळा चालू, मैदान बंद

पाऊस लागला की मीरा रोड-भाईंदरमधल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर भल्या पहाटे एकच प्रश्न फिरू लागतो : आज सुट्टी आहे का? १९ ऑगस्ट २०२५ला मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या शाळा बंद ठेवल्या, तेव्हा त्याचं उत्तर सोपं होतं. पण असे दिवस हंगामात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर सरासरी २३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला जातो आणि त्यातला बराचसा शाळा चालू असतानाच पडतो. महसूल खात्याच्या हिशेबात दिवसाला ६५ मिलिमीटरच्या पुढे गेला की ती अतिवृष्टी. त्याच्या अलीकडचा पाऊस बातमीत येत नाही. मैदानाचं तळं करायला मात्र तो पुरतो.

त्यात हे शहर खाडीकाठचं, मिठागरांच्या शेजारचं. भरतीच्या वेळी सखल भागातलं पाणी खाडीत उतरत नाही, म्हणून आभाळ उघडलं तरी पटांगण उघडत नाही. मग मधली सुट्टी वर्गातच.

अशा वर्गात डोकावावं. खिडकीच्या गजांना रेनकोट लोंबताहेत, दाराशी छत्र्यांचे ओघळ, पंखा पाचवर, फरशीवर चिखलाचे ठसे आणि सगळ्यावर डब्यातल्या लोणच्याचा वास. तिसऱ्या बाकावरचा मुलगा पहिल्या बाकावरच्याची पट्टी घेऊन पळतो. पळायला जागा नाही, म्हणून दप्तरांवरून पळतो. बाईंकडे पिढीजात उपाय आहे : ‘हाताची घडी, तोंडावर बोट.’ तो पाच मिनिटं चालतो. एका खोलीच्या घरातून आलेलं, आठवडाभर संध्याकाळीही खाली न उतरलेलं मूल आणखी किती वेळ बसणार? या गोंगाटाला बेशिस्त म्हणणं म्हणजे निदानच चुकणं.

फिनलंडमध्ये शाळेचा तास साठ मिनिटांचा धरतात आणि त्यात शिकवणं पंचेचाळीस मिनिटं. उरलेल्या वेळात मुलं बर्फातही बाहेर जातात. आपल्या पावसात ते जमणारं नाही. पण त्यामागचा विचार इथलाही आहे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच, बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळाच कुरणावर गेली. मुलाची अडचण ओळखून वेळ आणि जागा बदलायची, हे त्यांनी सहज केलं. भाईंदरच्या चार भिंतींत तेवढं धाडस लागत नाही, थोडी तयारी लागते.

‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ घ्या. जागेवर उभं राहून खेळता येतो, हातपाय हलतात आणि हुकूम नीट ऐकावा लागत असल्यानं कुणी न सांगता वर्ग शांत होतो. राजा-मंत्री-चोर-शिपाईला चार चिठ्ठ्या पुरतात. हजार, आठशे, पाचशे आणि शून्याच्या बेरजा मुलं वहीच्या मागच्या पानावर हौसेनं करतात, गणिताच्या तासाला कुरकुरणारीसुद्धा. त्या मानानं स्मार्ट बोर्डावर कार्टून लावणं ही पळवाट. मुलं गप्प होतात हे खरं, पण पुन्हा बसूनच.

पाऊसही अभ्यासाला घेता येतो. उभ्या बाजूंचं, सपाट तळाचं बरणीसारखं भांडं गच्चीत ठेवलं आणि पट्टीनं मोजलं की पर्जन्यमापक तयार. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद गच्चीवर त्या दिवशी सांताक्रूझला किती पाणी पडलं असेल? चौऱ्याण्णव हजार चारशे लिटर. घरी जाऊन मुलं विचारतात, तेव्हा तुम्ही कुठे होता? रात्र लोकलमध्ये किंवा रुळांवरून चालत काढलेल्या आईबाबांकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

अडचणी आहेतच. दोन सत्रांच्या शाळेत सकाळच्या वर्गानं ओली केलेली फरशी दुपारच्या वर्गाच्या वाट्याला येते. बाक सरकवले तर खालच्या मजल्यावरून तक्रार येते. शिक्षकालाही डबा खायला वेळ हवा. मधली सुट्टी वर्गात गेली की त्याचीही सुट्टी जाते, आणि याचा विचार वेळापत्रक आखताना कुणी करत नाही. जूनमध्ये शाळा उघडण्याआधीच्या शिक्षकसभेत गणवेश, पुस्तकं, सहल यांवर चर्चा होते. त्याच सभेत मैदान बंद असेल तेव्हा कोणता वर्ग व्हरांडा कधी वापरणार, आणि त्या वेळात वर्गावर कोण थांबणार, हे ठरवायला अर्धा तास पुरेल.