मृतांचे मौन आणि वाचकाचा अधिकार

संहिता कोणाला तरी उद्देशून असते, हे साहित्यविचारातील जवळजवळ निर्विवाद गृहीत आहे. रोजनिशीसारखे खाजगी लेखनही स्वतःपुरता का होईना एक वाचक कल्पिते. प्राचीन दफन मात्र या गृहीताला छेद देते. त्याला कर्ते असतात. त्यात निवड असते, मांडणी असते, चिन्हांची एक व्यवस्था असते. परंतु रचना पूर्ण होताच ती मातीआड केली जाते. तिचे प्रेक्षक होते ते दफनाच्या वेळी भोवती उभे असलेले लोक. तीन हजार वर्षांनी कुंचल्याने माती बाजूला सारणारा अभ्यासक तिच्या योजनेत कोठेही नव्हता. म्हणूनच दफनाचे वाचन हा केवळ ज्ञानशास्त्रीय प्रश्न राहत नाही. स्वतःला उद्देशून नसलेले वाचण्याचा अधिकार कोणत्या आधारावर मिळतो, आणि तो कोणत्या अटींवर वापरावा, हा नैतिक प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

या प्रश्नाचा विचार एखाद्या मूर्त उदाहरणावरून करणे इष्ट ठरेल. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ पासून सुमारे दीड दशक उत्खनन झाले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नावांशी निगडित असलेल्या या कार्यामुळे इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील एका शेतकरी वस्तीचे जीवन प्रकाशात आले. येथे दोनशेहून अधिक दफने मिळाली. प्रौढांना बहुधा उत्तरेकडे डोके करून उताणे निजवीत, आणि त्यांचे घोट्याखालचे पाय तोडलेले असत. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवून त्यांत पुरीत. यांतील बहुसंख्य दफने गावाबाहेर नव्हे, तर घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात आहेत.

तोडलेल्या पायांचा सर्वपरिचित अन्वयार्थ असा, की मृताने भूत होऊन भटकू नये म्हणून ही योजना असावी. हा अर्थ असंभाव्य नाही. तथापि तो स्वीकारताना एक अडचण दृष्टिआड होते. ज्याच्या परतण्याची भीती वाटते त्याला कोणी स्वतःच्या निजण्याच्या जागेखाली पुरत नाही. पाय तोडण्याच्या कृतीतून 'तू परत येऊ नकोस' हे वाक्य जसे वाचता येते, तसेच 'तू इथून जाऊ नकोस' हेही वाचता येते. पहिले वाक्य भीतीचे आहे, दुसरे ममतेचे. चिन्ह एकच, आणि त्याचे दोन अर्थ परस्परविरोधी. शिवाय भीती आणि ममता एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी नांदू शकतात, याची साक्ष कोणत्याही समाजातील मर्तिकाचे विधी देतील. यांपैकी एकच अर्थ निश्चित म्हणून सांगणारा वाचक हाडांविषयी बोलत नसतो. 'आदिम' माणसाविषयीची स्वतःची कल्पना तो हाडांवर लादत असतो. ज्यांना प्रतिवाद करता येत नाही त्यांच्यावर भित्रेपणाचा वा क्रौर्याचा आरोप करणे सोपे असते, आणि म्हणूनच ते अन्याय्य असते.

अलंकार आणि दफनवस्तू यांच्या वाचनात ही समस्या वेगळ्या रूपाने उभी राहते. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड यांनी १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले, की मृताला मिळणाऱ्या वागणुकीतील भेद हे जिवंतपणी त्याला असलेल्या सामाजिक स्थानाशी निगडित असतात. सबब दफनांवरून समाजाची रचना उलगडता येईल. या भूमिकेने दफनाभ्यासाला शिस्त दिली यात शंका नाही. पुढे १९८२ मध्ये माइक पार्कर पिअर्सन यांनी आधुनिक केंब्रिजमधील अंत्यविधींच्या अभ्यासातून तिच्यातील उणीव दाखवून दिली. दफन हे समाजाचे प्रतिबिंब असेलच असे नाही; समाजाने स्वतःविषयी केलेले ते एक विधान असते, आणि विधान सत्य लपविण्यासाठीही करता येते. विषमता असलेला समाज साध्या थडग्यांतून समतेचा देखावा उभा करू शकतो. उतरती कळा लागलेले घराणे दफनातील दागिन्यांनी आपली प्रतिष्ठा सावरू पाहते. साहित्यसमीक्षेला हा मुद्दा अपरिचित नाही. निवेदकाचे म्हणणे म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, हे ती फार पूर्वी शिकली आहे.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. दफनात दोन प्रकारचा मजकूर असतो. एक, इतरांनी तेथे ठेवलेल्या वस्तूंचा : मडकी, मणी, शस्त्रे. दुसरा, मृताच्या देहाने स्वतः वाहून आणलेला : दातांची झीज, हाडांची खुंटलेली वाढ, बरी झालेली जखम. पहिला मजकूर हे जिवंतांनी केलेले भाष्य आहे. दुसरी मृताची साक्ष आहे. भाष्यात हेतू असतो, साक्षीत तो नसतो. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावसह दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन बालकांच्या अस्थींचा अभ्यास केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार उत्तर जोर्वे काळातील इनामगावच्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा अस्थींवर दिसतात. मडक्यांची काळजीपूर्वक मांडणी मुलाविषयीची आस्था सांगते. त्याच मडक्यातील हाडे सांगतात की त्या आस्थेला पुरेसे अन्न मिळत नव्हते. दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज त्या आईबापांना न्याय मिळत नाही. केवळ हाडे वाचली तर त्यांची हेळसांड झाली असे वाटेल, आणि केवळ मडकी वाचली तर त्या जगाचे एक खोटे, गोड चित्र तयार होईल.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते याचे उदाहरण स्वीडनमधील बिर्का येथे मिळते. तेथील एक दफन १८७८ मध्ये उत्खनित झाले. त्यात तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण आणि दोन घोडे होते. साहजिकच ते पुरुष योद्ध्याचे मानले गेले. १९७० च्या दशकात अस्थींवरून वेगळी शंका व्यक्त झाली, आणि २०१७ मध्ये जनुकीय परीक्षणाने ती व्यक्ती स्त्री असल्याचे सिद्ध झाले. शंभराहून अधिक वर्षे अस्थी समोर होत्या. तथापि वाचकांनी शस्त्रांवर विश्वास ठेवला. मात्र शोधाचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. ती स्त्री होती ही देहाची साक्ष आहे. ती रणांगणावर लढली हे अनुमान आहे, कारण शस्त्रे तिच्याशेजारी इतरांनी ठेवलेली आहेत. जुना पूर्वग्रह टाकून नवा, अधिक आवडणारा पूर्वग्रह धारण करणे म्हणजे चूक सुधारणे नव्हे.

इनामगावचे सर्वांत विलक्षण दफनही याच कसोटीवर पाहावे लागते. वस्तीच्या मध्यभागी, पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात एक प्रौढ पुरुष बसलेल्या स्थितीत आढळला. त्याचे पाय तोडलेले नव्हते. घराला लागून धान्याचे कोठार होते. यावरून तो गावप्रमुख असावा असे अनुमान ढवळीकरांनी केले. घर, कोठार, रांजण आणि अखंड पाय असे परस्परांपासून स्वतंत्र असलेले अनेक दुवे येथे एकाच दिशेला जातात, म्हणून हे अनुमान बलवान ठरते. याच रांजणाखाली तसाच आणखी एक रांजण मिळाला; पण त्यात मानवी अस्थी नव्हत्या. देह हाती न लागलेल्या कोणासाठी तो विधी झाला असेल काय? तसे असेल तर दफन हे मृतापेक्षा मागे राहिलेल्यांसाठी अधिक असते, या विधानाला याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. परंतु 'असेल तर' हे शब्द वगळण्याचा अधिकार वाचकाला नाही.

मग उद्देशून नसलेले वाचावेच का? मृतांना विश्रांती लाभू द्यावी, ही भूमिका सहजासहजी झटकून टाकण्यासारखी नाही. अमेरिकेत १९९० साली झालेल्या कायद्याने तेथील मूलनिवासी समाजांना आपल्या पूर्वजांचे अवशेष परत मागण्याचा हक्क दिला. 'कोणाची हाडे' हा प्रश्न अभ्यासकाच्या सोयीपलीकडचा आहे, याची ही कबुलीच होती. तथापि ताम्रपाषाणयुगीन दख्खनला लिपी नव्हती. सातवाहनकाळातील लेख कोरले जाण्याआधी शेकडो वर्षे येथे जगलेल्या माणसांनी एकही अक्षर मागे ठेवलेले नाही. नंतरच्या काळातही लेख आहेत ते राजांचे, व्यापाऱ्यांचे, दानकर्त्यांचे. मडक्यात पुरलेल्या मुलाला इतिहासात येण्यासाठी त्या मडक्यावाचून दुसरा दरवाजा नाही. वाचन नाकारणे म्हणजे त्याला पुन्हा एकदा पुरणे होय. अधिकाराचा आधार हाच आहे : येथे वाचन ही घुसखोरी असली तरी मौनापेक्षा ती कमी अन्यायाची आहे.

परंतु याच आधारातून त्याची मर्यादाही निष्पन्न होते. जे वाचन मृतासाठी केले जाते तेच समर्थनीय. मृताला वापरून घेण्यासाठी केलेले नव्हे. एखाद्या गटाची प्राचीनता, एखाद्या प्रदेशावरचा हक्क किंवा आजच्या एखाद्या वादातील विजय सिद्ध करण्यासाठी हाडांना साक्षीदार म्हणून उभे केले जाते, तेव्हा उलटतपासणीला असमर्थ असलेल्या साक्षीदाराच्या तोंडी हवे ते शब्द घातले जातात. नेवासे येथे एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या गंजामुळे आतील धाग्याचा अंश टिकून राहिला. त्या माळेवरून व्यापार, धातुकाम आणि सूतकताई यांविषयी बरेच काही सांगता येते, आणि ते सांगितलेच पाहिजे. ती माळ घालणाऱ्याने मुलाच्या गळ्यातून ती काढून घेतली नाही, हेही सांगता येते. तांबे मौल्यवान असतानाही काढली नाही. त्यामागचे मन कोणते, याविषयी अनुमान करावे, पण ते अनुमान म्हणूनच मांडावे. पुराव्याची सीमा संपते तेथे थांबणे ही अभ्यासाची शिस्त आहेच. ज्यांना उत्तर देता येत नाही त्यांच्याशी सभ्यपणे वागण्याचा तोच एक मार्गही आहे.