विचारलं असतं तर

१ मे २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाचा जो आदेश निघाला, त्यात एक कलम होतं. ६५ वर्षांवरच्या व्यक्ती, जुने आजार असलेले, गर्भवती स्त्रिया आणि १० वर्षांखालची मुलं यांनी घरातच राहायचं. अत्यावश्यक गरजा आणि औषधपाणी एवढ्यापुरतंच बाहेर पडायचं. मी तेव्हा ७२ वर्षांची होते आणि माझी नात सहा वर्षांची. आम्ही दोघी एकाच कलमात बसलो होतो. तिला याची गंमत वाटली. मला वाटली नाही, आणि का वाटली नाही याचा विचार मी तेव्हापासून अधूनमधून करत आले आहे.

लहान मुलाबद्दल इतरांनी ठरवायचं हे आपण मान्य करतो, कारण त्याला समज अजून यायची असते. गर्भवती बाईच्या बाबतीत दोन जिवांचा प्रश्न असतो. आजारी माणसाचा आजार तपासून सांगता येतो. आमच्या बाबतीत फक्त जन्मतारीख. सरकारवर माझा तितका राग नाही. सरकारला कुठेतरी रेघ मारावीच लागते, आणि वयाबरोबर या आजारात मरणाचा धोका झपाट्याने वाढतो हे चीन आणि इटलीतून येणाऱ्या आकड्यांवरून तेव्हाच दिसत होतं. माझा प्रश्न घराघरांत जे झालं त्याबद्दल आहे. मुलगा आईला, सून सासऱ्यांना, पुतण्या काकांना सांगत होता: तुम्ही बाहेर पडायचं नाही. सांगण्यात प्रेम होतं, शंका नाही. पण ज्याच्या भल्यासाठी एखादी गोष्ट करायची, त्याला ती करण्याआधी विचारावं लागतं की नाही?

आधी एक गोष्ट मान्य करून टाकते. ज्या महिन्यात मी चार भिंतींना विटले होते, त्याच महिन्यात मुंबई-नाशिक महामार्गावरून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन उत्तरेकडे चालत होती. आमच्या डोंबिवलीतच अशी घरं आहेत, जिथे एका खोलीत सहा माणसं राहतात आणि त्यात एक म्हातारी असते. तिला एकांत मिळाला असता तर तिने देवाला नारळ फोडला असता. घरात एकटं राहावं लागणं ही स्वतःचं घर आणि महिन्याला पेन्शन असणाऱ्यांची अडचण होती. तरी दुसऱ्याचं दुःख मोठं आहे म्हणून आपण आपला प्रश्नच मांडायचा नाही, हे मला पटत नाही.

मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. एसटीडी सगळीकडे पोचेपर्यंत माझी उमेदीची वर्षं लोकांचे कॉल जोडण्यात गेली. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉल असायचे. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून विचारायचं, ‘वाढवू का?’ त्यामुळे फोनवरून काय पोचतं आणि काय पोचत नाही, याचा थोडाफार अंदाज मला आहे. लॉकडाउनमध्ये मला फोनची वाण नव्हती. ठाण्याहून मुलाचा दिवसातून दोनदा, सुनेचा एकदा, शिवाय नातेवाईक. सगळ्यांचे प्रश्न तेच: जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, खाली उतरली नाहीस ना. मी तीन उत्तरं देऊन फोन ठेवायचे. बोलणं रोज होत होतं, पण ते माझ्या शरीराबद्दल चाललं होतं, माझ्याशी नव्हे.

त्याआधी मी आठवड्यातून दोन दिवस लोकलने ठाण्याला जायचे. नातीला शाळेतून आणायचं, तिच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे. सून विचारायची, ‘आई, हिचा ताप आज अंगावर काढू की डॉक्टरकडे नेऊ?’ मुलगा माझ्यावर चिडायचासुद्धा. मार्चनंतर माझ्यावर कोणी चिडलं नाही. जूनमध्ये सुनेचा पगार कापला गेला, ते मला सप्टेंबरात कळलं, तेही नातीच्या तोंडून. का सांगितलं नाहीत विचारलं, तर उत्तर आलं, ‘तुला उगाच काळजी नको.’ विषाणू घरात येऊ नये म्हणून दार बंद केलं होतं. त्याच दाराबाहेर घरातल्या बातम्याही थांबायला लागल्या होत्या. एकटेपण म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर खिडकीत बसलेली म्हातारी येते. मला खिडकीत बसायला आवडतं. मला जाचलं ते हे, की घरातल्या कोणत्याही निर्णयात माझ्यामुळे काही फरक पडेनासा झाला होता.

बाकीच्या तपशिलांत फार शिरत नाही, ते सगळ्यांनी अनुभवले आहेत. सोसायटीने कामवाल्या बायकांना बंदी केली. वर्तमानपत्रं काही दिवस छापलीच नाहीत, मग छापली तर घरपोच द्यायला मनाई. २८ मार्चपासून दूरदर्शनवर पुन्हा ‘रामायण’ लागलं आणि सकाळी नऊला सगळ्या मजल्यांवरून एकच आवाज यायला लागला. खालच्या आवारातल्या बाकांना दोऱ्या बांधल्या, का तर आमचा कट्टा जमू नये. जी तरुण मंडळी कामावर जाऊन आजार घरी आणण्याची शक्यता जास्त होती, ती त्या बाकांवरून ये-जा करत होती. ज्यांना आजार झाला तर महागात पडणार होता, ते आत होते. साथीच्या हिशेबात हे कदाचित बरोबर असेल. पण ‘ज्येष्ठांनी समाजासाठी त्याग केला’ असं जे नंतर कौतुकाने म्हटलं गेलं, ते खरं नाही. आम्हाला आत ठेवलं ते आमच्यासाठी. म्हणूनच तर विचारायला हवं होतं.

आणि विचारलं असतं, तर उत्तरं सारखी आली नसती. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त स्टेशनमास्तर राहतात. त्यांनी आदेशाची वाट पाहिली नाही, मार्चमध्येच दार लावून घेतलं. मोबाइलवर नागपूरच्या भाच्याशी रोज बुद्धिबळ खेळायचे. मला पॅसेजमध्ये लांबूनच म्हणाले, ‘चाळीस वर्षं गाड्यांच्या वेळा पाळल्या, आता कुठे शांत बसतोय.’ त्यांना एकांत सोसावा लागला असं मी म्हणणार नाही, तो त्यांनी घेतला होता. माझी एक मैत्रीण ७५ वर्षांची. तिची मोठी बहीण अंथरुणाला खिळलेली, दोन गल्ल्या सोडून राहायची. मैत्रीण रोज मास्क लावून जायची, तिला भरवायची, केस विंचरायची आणि परत यायची. मुलांनी भांडण केलं, अबोला धरला, एकदा चपला लपवल्या. ती बहिणीच्या चपला घालून जाऊ लागली. बहीण जानेवारी २०२१ मध्ये गेली, वयानेच. एप्रिलमध्ये मैत्रिणीला कोविड झाला, ऑक्सिजनवर दहा दिवस काढून ती घरी आली. मुलं म्हणाली, ‘बघितलंस?’ तिने काय बघायचं होतं ते मला अजून कळलेलं नाही. वाचली म्हणून तिचा निर्णय बरोबर ठरत नाही, आणि मेली असती म्हणून चूक ठरला नसता. तो तिचा होता.

इथे दिवसांचा हिशेब येतो. चाळिशीतल्या माणसाला दीड वर्ष थांबा म्हटलं, तर तो उरलेल्या आयुष्यातला लहानसा तुकडा देतो. बहात्तरीच्या माणसाला तेच म्हटलं, तर त्याच्याकडच्या चालत्या-फिरत्या दिवसांपैकी बराच मोठा वाटा जातो. माझ्या नातीचे पुढचे दोन दात पडले आणि नवे आले, ते मी मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं. दिवस वाचवण्यासाठी दिवसच खर्च होत होते. हा व्यवहार कोणाला फायद्याचा वाटेल, कोणाला तोट्याचा, पण खातं ज्याचं, सही त्याची असायला हवी.

आता या विचाराची दुसरी बाजू, जिची मला भीती वाटते. २३ मार्च २०२० रोजी टेक्सासचे लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक टीव्हीवर म्हणाले की देशाची अर्थव्यवस्था वाचावी म्हणून आपल्यासारखे आजी-आजोबा धोका पत्करायला तयार आहेत. ते स्वतः सत्तरीच्या उंबरठ्यावर होते, म्हणजे बोलायचा हक्क होता. तरी ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. म्हाताऱ्यांना निवडू द्या, हे माझंच म्हणणं, पण त्यांच्या तोंडी ते ‘दुकानं उघडा’ या अर्थाने येत होतं. त्याच महिन्यात इटलीत जॉर्जो आगाम्बेन हा तत्त्वज्ञ लिहीत होता की आपल्या समाजाचा नुसतं जिवंत राहण्यापलीकडे कशावरच विश्वास उरलेला नाही. तो ७७ वर्षांचा होता. त्याचं म्हणणं मला अर्धं पटतं. नुसतं जगणं पुरेसं नाही, हे खरं. पण ते पुरेसं नाही असं दुसऱ्याने माझ्यासाठी ठरवलेलं मला चालणार नाही. आपल्याकडे तर वानप्रस्थाची कल्पना तयारच आहे. वेळ आली की आपणहून बाजूला व्हावं, यात शहाणपण आहे अशी शिकवण. ज्या घरात म्हाताऱ्याच्या औषधाचा खर्च डोळ्यांवर येतो, तिथे ‘आजोबा, तुमची इच्छा काय?’ या प्रश्नात उत्तरही दडवून दिलेलं असू शकतं.

मग विचारणं आणि ढकलणं यांत फरक कसा करायचा? मी एक खूण धरली आहे: माझ्या उत्तरातून विचारणाऱ्याचा फायदा कशात आहे ते पाहायचं. ही खूण रोखण्यालाही लागू पडते, हे विसरू नये. २० मार्च २०२० रोजी रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत बंद केली, पुरुषांची ४० टक्के, बायकांची ५० टक्के. कारण दिलं की ज्येष्ठांनी विनाकारण प्रवास करू नये. महासाथ ओसरली, गाड्या भरून धावू लागल्या, वर्षं लोटली, पण सवलत परत आली नाही. काळजीची ही जात ओळखून ठेवावी. राज्य सरकारने मे २०२० अखेर चित्रीकरणाला परवानगी दिली, तेव्हा ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर यायला मनाई केली. सत्तरीचे एक अभिनेते मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांचं पोट त्याच कामावर होतं. ऑगस्टमध्ये न्यायालयाने नुसत्या वयावर बेतलेली ती अट भेदभाव करणारी म्हणून रद्द केली. एका माणसाने ‘मला का विचारलं नाही’ असं रीतसर विचारलं, आणि त्याला उत्तर मिळालं.

ज्यांना विचारताच येत नाही, त्यांचं काय, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या तळमजल्यावरच्या आजींना स्मृतिभ्रंश आहे. रोज संध्याकाळी त्या पर्स घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि रोज त्यांना नव्याने सांगावं लागायचं की बाहेर जायचं नाही. त्यांची लेक मला म्हणाली, ‘आईला रोज संध्याकाळी नव्याने कैद होते.’ तिने शेवटी रात्री नऊनंतर त्यांना गच्चीवर फिरवायला सुरुवात केली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाहूनही पाहिलं नाही.

दिवाळीनंतर मी मुलाला फोनवर म्हटलं, ‘आता मला सांगू नकोस, विचार.’ तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘आई, तुझं तू ठरवशील. पण मीच आजार घेऊन आलो आणि तुला काही झालं, तर? तू सुटशील. मला जन्मभर ते घेऊन राहावं लागेल.’ माझ्या सगळ्या युक्तिवादाला पडलेलं हे भोक आहे आणि ते अजून बुजलेलं नाही. माझ्या मरणाचा धोका माझा, पण त्यातून त्याच्या वाट्याला येणारं ओझं माझ्या मालकीचं नाही. ते उचलायला त्याची तयारी आहे का, हेही कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि घरात ते विचारू शकेल अशी मीच होते. त्या रात्री आम्ही पाऊण तास बोललो. जेवलीस का, हे त्याने विचारलं नाही.

ठरलं ते असं: दर रविवारी दुपारी ते तिघं येतील. गच्चीवर बसायचं, मास्क काढायचा नाही, खाणं नाही. घरात कोणाला साधं शिंकलं तरी येणं रद्द. चार महिने असे गेले. नात गच्चीच्या एका टोकाकडून ओरडून पाढे म्हणायची आणि मी दुसऱ्या टोकाकडून चुका काढायचे. मार्चमध्ये साठीवरच्यांना लस सुरू झाली, मी पहिला डोस घेतला. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, शेजारच्या इमारतीत रुग्णवाहिका दिसू लागल्या, लोकल पुन्हा सामान्यांना बंद झाली. मुलाचा फोन आला. ‘आई, रविवारचं काय करू या?’

मी म्हटलं, या महिन्यात नको.