परत न येणारे ताट

डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या लईराईकडून म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला तेल जाते, आणि म्हापशाहून लईराईच्या जत्रेला मोगऱ्याची फुले येतात. लोकांच्या लेखी या दोघी सख्ख्या बहिणी. मयेची महामाया आणि पेडण्यातली मोरजाईही त्यांच्यातल्याच. घराघरांतही हीच रीत आहे. चवथीच्या नेवऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याकडे, नाताळचा दोदोल हिंदू शेजाऱ्याकडे, आणि आलेले ताट रिकामे परत पाठवायचे नाही. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. पोर्तुगिजांच्या हाती ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, तोवर धर्मांतराचा जुना जोर ओसरला होता. त्यामुळे इथे चर्चे थोडी, ख्रिस्ती घरे विरळ. इथल्या ख्रिस्ती माणसाचा शेजारी बहुधा दुसऱ्या देवाला हात जोडणारा असतो.

ही देवघेव मोडू नये असेच कुणालाही वाटेल. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू यजमानाची पंचाईत करतो. मेजवानीला भाऊबंद आणि श्रीमंत शेजारी बोलावशील तर तेही तुला बोलावतील, फिटंफाट होईल, असे तो म्हणतो. ज्यांच्याकडे परत पाठवायला ताटच नाही, त्यांना बोलाव. शेजारधर्म जिथे पुरा होतो, तिथून येशूची अपेक्षा सुरू होते.

आपल्याच मातीतल्या एका माणसाने ती अक्षरशः घेतली. जुझे वाझ 1651 मध्ये बाणावलीत जन्मला. डच राजवटीने श्रीलंकेत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती, तरी 1687 मध्ये तो मजुराच्या वेषात तिथे उतरला. कँडीच्या बौद्ध राजाने आधी त्याला पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकले. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. ऐपत असलेले लोक शहर सोडून गेले, आजाऱ्यांना रानात नेऊन सोडण्यात आले. वाझ आणि त्याचा भाचा मागे राहिले. त्यांनी रोग्यांना अन्न दिले, त्यांच्या जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरले. कोण आपल्या धर्माचा, हे विचारले नाही. साथीनंतर राजाने त्याला मोकळेपणी काम करू दिले खरे, पण रोग्याच्या शेजारी बसताना उद्याची परवानगी कुणाच्या हिशेबात असेल असे मला वाटत नाही. तिथे आपलाच जीव जाण्याची शक्यता मोठी होती. 1711 मध्ये कँडीतच त्याचा अंत झाला, आणि 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संत घोषित केले.

एवढे धैर्य आपल्यात कुठले, असे म्हणून आपण सुटू पाहतो. तेव्हा मार्कच्या बाराव्या अध्यायातली विधवा आडवी येते. मंदिराच्या दानपेटीत तिने दोन टोल्या टाकल्या. त्या काळच्या हिशेबाने ती एका दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग. आज डिचोलीच्या बाजारात दिवसाचे हजार रुपये धरले, तर सुमारे साडेपंधरा रुपये. चहाचे पैसे! पण नाणी दोन होती. एक टाकून एक ठेवता आले असते, आणि कुणी नावे ठेवली नसती. श्रीमंतांनी कितीतरी जास्त टाकले होते, पण घरी गेल्यावर त्यांच्या जेवणात काही कमी पडणार नव्हते. विमानतळ आणि पर्यटन यांमुळे पेडण्यात जमिनीला भाव आल्यावर अशा मोठ्या देणग्या देणे काहींना सोपे झाले आहे. त्या देणग्यांनी कामे होतात, त्यांना नाक मुरडण्याचे कारण नाही. फक्त त्यांना त्याग म्हणू नये.

या विधवेचे कौतुक करताना आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. तिच्या आधीच्याच वाक्यात येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडला आहे. म्हणजे गरिबाने शेवटचे नाणे द्यावे, अशी मागणी करण्याचा हक्क व्यासपीठावरून बोलणाऱ्याला नाही. त्याग स्वतःकडूनच मागायचा असतो. आणि त्या संध्याकाळी ती काय जेवली? मार्क ते सांगत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात मात्र असा प्रश्न मंडळीपुढे उभा राहिला. यरुशलेममध्ये विधवांना रोज अन्न वाटले जाई, आणि ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर सुरू झाली. आपले-परके तिथेही होतेच. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही, की नुसते थोडे जास्त धान्य पाठवले नाही. वाटपासाठी त्यांनी सात जण निवडून घेतले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव: सातही नावे ग्रीक. ज्यांची तक्रार होती, कोठाराच्या किल्ल्या त्यांच्याच हाती गेल्या.